करवतीचा वर्ग

तिला घरात सगळे मुंगी म्हणत. लहानपणी एकदा का कामाला लागली, की कितीही हाका मारा, ही वर बघायची नाही. त्यावरून पडलेलं नाव. तिच्या बाबांनाही असंच एक नाव होतं, पण ते घरातलं नव्हतं. ते शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत आणि मुलं त्यांना पाठीमागे करवत म्हणत. पेपर तपासताना उत्तर जिथे चुकलं तिथे ते लाल शाईची एक आडवी रेघ मारत आणि त्याखालचं काही वाचत नसत. झाड तिथून कापलं, संपलं.

मुंगी त्याच शाळेत शिकत होती, म्हणून तिला हे नाव पहिल्यापासून माहीत होतं. बाबांना ते माहीत आहे की नाही, हे मात्र तिला तोवर कधी कळलं नव्हतं.

त्या शाळेची शेवटची दोन वर्षं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. सहा विषय घ्यायचे. त्यातले तीन हायर, म्हणजे पार तळाशी जाऊन शिकायचे, आणि तीन साधे. वर स्वतः शोधून लिहायचा एक लांबलचक निबंध, आणि तोंडी परीक्षा. या दोन वर्षांत पोरं वाळतात, असं आया म्हणत. पण विद्यापीठात जायचं तर हाच रस्ता सगळ्यात पक्का, हेही त्याच म्हणत. एकदा विषय ठरले की सहसा बदलता येत नसत, त्यामुळे विषय निवडायचे दिवस आले की घराघरांत लग्न ठरवायचं असल्यासारखी चर्चा चाले.

मुंगीच्या घरी तशी चर्चा झालीच नाही. गणितात ती पहिल्यापासून हुशार. हायर गणित घेणार, यात विचारायचं काय? आणि शाळेत हायर गणित शिकवणारे एकच शिक्षक होते.

विषय ठरवायच्या दिवशी मार्गदर्शक बाईंच्या खोलीत तिघं बसले होते. आई हॉस्पिटलमधून तशीच आली होती. ती तिथे फिजिओथेरपिस्ट होती आणि दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून वाकवून तिचे स्वतःचे खांदे दुखत. बाबा नेहमीच्या खुर्चीत न बसता पालकांच्या खुर्चीत बसले होते, त्यामुळे ते जरा अवघडल्यासारखे दिसत होते.

"बोल," बाई मुंगीला म्हणाल्या. "हायर कुठले?"

"जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि इतिहास."

बाईंचा हात कीबोर्डवर थांबला. "आणि गणित?"

"साधं."

बाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघत होते. जणू तिथे एखादा नवा देश उगवला होता.

"सर, तुम्हाला काही..."

"तिचे विषय आहेत," बाबा म्हणाले. "तिनेच ठरवायचे."

बाईंनी तसं टाइप केलं, पण सुट्टी संपेपर्यंत बदल करता येईल, हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बाबांकडे बघून.

पुढचे काही दिवस बाबा इतके शहाण्यासारखे वागले की आईच वैतागली. मुलीला ओरडतील, समजावतील, निदान रुसतील तरी. पण नाही. चहा झाला का, छत्री घे, दार लाव. यापलीकडे गाडी जाईना. शेवटी एका सकाळी मुंगी खिडकीतल्या झाडांना पाणी घालत होती, तेव्हा ते तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"तुला जमेल," ते म्हणाले. "जमणार नाही असं वाटत असेल, तर तसं नाहीये."

"मला माहितीये."

"मग?"

मुंगीने झारी खाली ठेवली. काय सांगणार होती ती? लहानपणी रस्त्याने चालताना दोघं गाड्यांच्या नंबरांचे खेळ खेळत. कुठला आकडा तीनने जातो, कुठला कशानेच जात नाही. बाबांचा हात धरलेला असायचा आणि चूक झाली तर बाबा हसायचे. तिच्यासाठी गणित म्हणजे तेवढंच होतं, आणि ते फार होतं. आता त्यावर लाल रेघ येणार. वर्गातली मुलं म्हणणार, हिला काय, घरीच करवत आहे, धार लावून मिळते. आणि कमी मार्क पडले तर जेवणाच्या टेबलावर समोर तोच माणूस बसलेला असणार, ज्याने ते दिले.

"मला इतिहास आवडतो," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"बरं," बाबा म्हणाले, आणि झारी उचलून उरलेलं पाणी त्यांनीच घातलं.

सुट्टीच्या शेवटी शाळा एक तयारी वर्ग घेत असे. अभ्यासक्रमाचा वेग झेपावा म्हणून. गणिताच्या वर्गात हायरवाले आणि साधेवाले पहिले काही दिवस एकत्र बसत आणि शिकवायला अर्थात बाबा. एवढी वर्षं शाळेत असून मुंगी त्यांच्या वर्गात कधी बसली नव्हती. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी तिची एक जुनी वर्गमैत्रीण होती. इतकी उंच, की तिला सगळे शिडी म्हणत आणि तीही ओ देई. शिडीने हायर गणित घेतलं होतं. तिला पुढे नकाशे बनवण्याचं शिक्षण घ्यायचं होतं आणि तिथे गणित लागतं, असं तिने कुठेसं वाचलं होतं.

बाबा आत आले आणि मुंगीला क्षणभर ओळखू येईनात. घरी खांदे पाडून बसणारा माणूस इथे ताठ उभा होता. आवाज हळू, पण शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. त्यांनी कुणाचंही नाव न घेता सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मुंगीवरूनही नजर तशीच सरकली, जशी खिडकीवरून सरकली. तिने तसंच व्हावं म्हणून देवाला हात जोडले असते, आणि तरी तिला ते जरा लागलं.

शिकवत मात्र ते फार छान. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलं फक्त लाल रेघेबद्दल बोलत. अवघड गोष्ट ते अशी उलगडत, की आपल्याला आधीच माहीत होती असं वाटावं. मुंगी पहिल्या दिवशी विसरूनच गेली की तिने साधं गणित घेतलंय.

पुढच्या एका दिवशी त्यांनी सगळ्यांना एक प्रश्न घातला. कोणत्याही दोन विषम संख्या घ्या, त्यांचे वर्ग करा, मोठ्यातून लहान वजा करा. जे उरतं त्याला नेहमी आठने भाग जातो. का?

"अक्षरं वापरा," ते म्हणाले. "उदाहरणं देऊ नका. शंभर उदाहरणं दिलीत तरी एकशेएकावं राहतंच."

मुंगीने चार ओळींत सोडवलं आणि पेन खाली ठेवलं. शेजारी शिडी चौकटीच्या कागदावर चौकोन रंगवत बसली होती. तीनाचा चौकोन, पाचाचा चौकोन, साताचा. प्रत्येकाच्या मधोमध एक काळा ठिपका. अक्षर म्हणून एकही नाही.

बाबा बाकांमधून फिरत शिडीपाशी आले. कागद उचलला, पाहिला, परत ठेवला.

"ही उदाहरणंच आहेत," ते म्हणाले. "कालच्या चाचणीतही हेच केलं होतंस. हे बघ, राग मानू नकोस. हायर गणित हा तुझा विषय नाही. अजून वेळ आहे, बदलून घे. दोन वर्षं छळ करून घेण्यात काही अर्थ नसतो."

ते काही ओरडले नव्हते. उलट जपून बोलले होते, आई एखाद्या म्हाताऱ्या पेशंटशी बोलते तसं. पण शिडीचा चेहरा पडला. एवढी उंच मुलगी, बसल्या जागी दोन बोटं कमी झाल्यासारखी वाटली. पुढच्या बाकावरचं कुणीतरी खुसखुसलं. तास संपल्यावर ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली आणि कागद बाकावरच राहिला.

मुंगीने तो उचलला. फेकून द्यायला म्हणून उचलला आणि शाळेच्या पायऱ्यांवर बसून बघत राहिली.

आधी तिलाही ती नुसती चित्रं वाटली. मग लक्षात आलं, की शिडीने मधला ठिपका सोडून उरलेला चौकोन चार रंगांत रंगवला होता. चार सारखे आयत, पंख्याच्या पात्यांसारखे ठिपक्याभोवती फिरलेले. पाचाच्या चौकोनात प्रत्येक आयत दोन बाय तीन. साताच्यात तीन बाय चार. आणि प्रत्येक आयतात एक जिन्यासारखी तुटक रेघ, जी त्याचे दोन सारखे तुकडे करत होती. चार आयतांचे आठ जिने. म्हणजे विषम संख्येचा कुठलाही वर्ग घ्या, त्यातला मधला एक काढला की उरलेलं आठांत सारखं वाटलं जातं. दोन वर्गांची वजाबाकी केली की ते मधले एक एकमेकांना खाऊन टाकणार आणि आठचे हिस्से तेवढे उरणार. चौकोन केवढाही वाढवा, पंखा तसाच फिरत राहणार. हे उदाहरण नव्हतंच. हे सगळ्यांचं होतं.

तिचं स्वतःचं चार ओळींचं उत्तर बरोबर होतं, पण त्यात हे असं काही दिसलं नव्हतं.

ती तडक शिडीच्या घरी गेली. शिडी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होती आणि तिने मुंगीला आत ये म्हटलं नाही.

"तुझ्या बाबांनी पाठवलं का?"

"नाही. हे तू कसं शोधलंस?"

"रंगवता रंगवता," शिडी म्हणाली. "मधला एक नकोसा वाटला. कुणाशीच जुळेना."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

शिडीने एक चादर घडी घालायला घेतली. दुसरं टोक आपोआप मुंगीच्या हातात आलं. "ते म्हणाले उदाहरणं आहेत. मला वाटलं असतील. ते मोठे आहेत गणितात. मी कोण?"

चादरीची घडी झाली. मग उरलेल्या कपड्यांच्याही झाल्या.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर मुंगीने तो कागद बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. आईने बटाट्यांचं भांडं बाजूला सरकवलं.

"हा मी पाहिलाय," बाबा म्हणाले.

"नाही पाहिलास."

बाबांनी मान वर केली. घरी ती त्यांना अरेतुरे करी, पण या सुरात नाही. "मुंगे, मी वीस वर्षं शिकवतोय. कुणाला झेपेल नि कुणाला नाही, ते मला पहिल्या आठवड्यात कळतं. मी त्या मुलीचं भलंच केलं."

"तू तिला सगळ्यांसमोर सांगितलंस. आणि चुकीचं सांगितलंस." मुंगीने कागद त्यांच्याकडे सरकवला. "तू जिथे चूक दिसते तिथे रेघ मारतोस आणि खालचं वाचत नाहीस. सगळ्यांना माहितीये ते. तुला करवत म्हणतात."

आई जेवायची थांबली. आता घर पेटतं की काय, असं तिला वाटलं असणार. बोलून गेल्यावर शब्द परत घ्यायची सोय नसते.

बाबांनी हात पुसला, कागद उचलला, दिव्याकडे धरला. बराच वेळ पाहिला. बोटाने एका आयताची कड गिरवली, मग जिना. भाजी गार झाली. आईने ती त्यांच्या ताटातून काढून परत गरम करून आणली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"हे सिद्ध होतंय," ते अखेरीस म्हणाले. स्वतःशीच म्हणावं तसं. "अक्षरं दिसली नाहीत, म्हणून मी वाचलंच नाही." आणि मग थोड्या वेळाने, "करवत म्हणतात, ते माहितीये मला. मला वाटायचं, धारदार आहे म्हणून म्हणतात. कौतुकाने."

आईला हसू आलं आणि तिने ते पाण्याच्या ग्लासात लपवलं. मुंगीला मात्र रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. शिडी आली होती, पण दाराजवळच्या बाकावर बसली होती. वेळ आलीच तर काढता पाय घ्यायला बरं. बाबांनी हजेरी न घेता खडू उचलला आणि फळ्यावर तो पंखा काढला. नीट, चार रंगांत. मधला ठिपका सोडून.

"काल मी एका मुलीला सांगितलं, की हायर गणित तिचा विषय नाही," ते वर्गाला म्हणाले. "हे तिचं उत्तर आहे. ते बरोबर आहे. मी ते नीट न बघता बोललो. माझी चूक झाली." मग शिडीकडे वळून, "इथे येऊन तूच समजावून सांगतेस का? मला तुझ्याइतकं चांगलं जमणार नाही."

शिडी फळ्यापाशी गेली. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. मग ती त्या जिन्यासारख्या रेघेवर आली आणि तिचा हात मोकळा झाला. फळ्याच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यापर्यंत तिचा हात सहज पोचत होता आणि तिने तिथपर्यंत अकराचा चौकोन काढून दाखवला. पुढच्या बाकावरून कुणी खुसखुसलं नाही. बाबा खिडकीशी उभे राहून मुलांसारखे ऐकत होते.

मुंगी त्यांच्याकडे बघत होती. चूक झाल्यावर गाड्यांच्या नंबरांपाशी हसणारा माणूस आणि हा फळ्याजवळचा माणूस, यांत तिने उगाचच भिंत घातली होती, असं तिला पहिल्यांदा वाटलं. भिंत अगदीच नव्हती असं नाही. पण तिला दार होतं.

तयारी वर्गाच्या उरलेल्या दिवसांत दोघी मैत्रिणी शाळेच्या वाचनालयात एकत्र अभ्यास करत. मुंगी अक्षरं शिकवी, शिडी चित्रं. शिडी शेवटच्या चाचणीत बऱ्यापैकी पास झाली. आणि मग, सगळ्यांना वाटत होतं त्याच्या अगदी उलट, मार्गदर्शक बाईंकडे जाऊन तिने हायर गणित काढून टाकलं आणि हायर भूगोल घेतला.

"वेडी आहेस का?" मुंगी म्हणाली. "आता तर तुला जमतंय."

"जमतंय. पण दिवसभर तेच करावं असं वाटत नाही." शिडी पिशवी भरत होती. "मला ते सोडायचंच होतं गं. फक्त कुणी सोडवायला नको होतं."

मुंगी त्यावर बराच वेळ विचार करत राहिली. तिचं नेमकं उलटं होतं. तिला दिवसभर तेच करावंसं वाटत होतं. आंघोळ करतानासुद्धा आकडे सुटत नव्हते. आणि तिला कुणी सोड म्हणालं नव्हतं. तिचं तिनेच भिऊन सोडलं होतं.

बदलाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती बाबांबरोबर शाळेत निघाली. रस्त्यावर नुकतंच पाणी मारलेलं होतं, दोघं कडेकडेने चालत होते.

"मी हायर गणित घेतेय," ती म्हणाली. "रसायनशास्त्र साधं करते."

बाबा चालत राहिले. त्यांना आनंद झालाय हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं, पण ते दाबून म्हणाले, "माझ्यासाठी घेऊ नकोस."

"तुझ्यासाठी नाही. तू तिथे असूनसुद्धा घेतेय."

यावर ते जे हसले ते तिच्या ओळखीचं हसणं होतं. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं. तिचे पेपर ते स्वतः तपासणार नाहीत, फिजिक्सच्या सरांना देतील, असं चालेल का, हे त्यांनी मोठ्या बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं.

"आधीच? मी तर आत्ता सांगितलं."

"विचारून ठेवायला काय जातं," बाबा म्हणाले आणि चपलेतला खडा काढायला उगीच वाकले.

आईने मात्र आपली अट घातली. घरात गणित बोलायचं नाही. तिला दोन शिक्षक-विद्यार्थी नको होते, नवरा आणि मुलगी हवी होती. दोघांनी मान डोलावली.

वर्गात मुंगी त्यांना सर म्हणे, तुम्ही म्हणे. सुरुवातीला जीभ अडखळली, मग सरावली. मुलं बोलायची ती बोललीच. पहिल्या चाचणीनंतर एकाने विचारलं, प्रश्न आधी बघितले होतेस का? तिने त्याला आपला पेपर दाखवला. फिजिक्सचे सर लाल रेघेच्या बाबतीत बाबांचे मोठे भाऊ शोभले असते. दोन प्रश्न कापलेले होते.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा तिच्याकडे बघत आणि नजर वळली की ताटात बघत. प्रश्न त्यांनीच काढले होते, पण मार्क त्यांना माहीत नव्हते. विचारायची बंदी.

"तिसऱ्या प्रश्नाची भाषा गोंधळाची होती," मुंगी सहज बोलल्यासारखं बोलली. "त्याचे दोन अर्थ होत होते."

"शक्यच नाही," बाबा म्हणाले. "कुठला शब्द?"

आईने चमचा उचलून दाराकडे दाखवला.

दोघं आपापली ताटं उचलून बाहेर जिन्यावर जाऊन बसली. मुंगीने प्रश्न पाठ म्हणून दाखवला. बाबांनी तो पुन्हा म्हणून पाहिला, एकदा एका अर्थाने, एकदा दुसऱ्या. मग त्यांनी ताट मांडीवर ठेवलं.

"होतात," ते म्हणाले. "दोन होतात."

शेजारचे आजोबा पायऱ्या चढत वर येत होते. त्यांना वाट द्यायला दोघं भिंतीला टेकली आणि तो प्रश्न कसा विचारायला हवा होता, यावर पुन्हा वाद सुरू झाला.